उताराचा हिशेब आणि ऑईल ब्रेक

मुंबईहून नाशिककडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबते ती बऱ्याचदा मागून रेटणारी जादा इंजिनं जोडून घ्यायला. इथून इगतपुरीपर्यंत थळ घाट, म्हणजेच कसारा घाट लागतो, दर ३७ फुटांना एक फूट चढणारा. हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण घाटातल्या रेल्वेची हुशारी उताराच्या बाजूला जास्त दिसते. ब्रेक न लागलेली गाडी आडरुळावर वळवून चढणीवर तिचा वेग जिरवण्यासाठी तिथे ‘कॅच सायडिंग’ बांधलेली आहेत. आजची विद्युत इंजिनं उतरताना आपल्या मोटारी जनित्रासारख्या चालवतात, तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडतात आणि त्यातच गाडीचा बराचसा वेग आवरला जातो.

शेजारच्या महामार्गावरचा ट्रकचालक हेच काम गिअरकडून करून घेतो. खालच्या गिअरमध्ये ट्रक सोडला की इंजिनच त्याला धरून ठेवतं. एवढं करूनही कसारा घाटात कुणाचे तरी ब्रेक निकामी झाल्याची बातमी अधूनमधून येतेच.

सायकलीला इंजिन नाही, जनित्र नाही, आडरूळही नाही. घाट उतरताना जी काही ऊर्जा आवरायची असते ती दोनच ठिकाणी जाते. एक, अंगावर येणाऱ्या वाऱ्यात आणि थोडीफार टायरमध्ये. दोन, ब्रेकमध्ये. या दोन वाटण्यांचा हिशेब एकदा मांडून पाहिला की घाटांच्या पायथ्याच्या शहापूर-मुरबाडमधल्या सायकलस्वाराला कुठला ब्रेक हवा, याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत जाणारा रस्ता माळशेज घाटाने सह्याद्री चढून जुन्नर तालुक्यात शिरतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. हिशेबापुरता ५०० मीटरचा उतार धरू, सरासरी शेकडा ६ चा. सायकल, स्वार आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन ९० किलो. एवढं वजन ५०० मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची.

आता दोन स्वार घ्या. पहिला ताशी ४० किलोमीटरने उतरतो, दुसरा २० ने. वेग दुप्पट झाला की वाऱ्यात खर्ची पडणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे ४० ने उतरणाऱ्याचा बहुतेक सगळा भार वाराच उचलतो आणि ब्रेकच्या वाट्याला जेमतेम ९० वॉट येतात. २० ने उतरणाऱ्याला वाऱ्याची मदत नावापुरती असते. त्याच्या ब्रेकला सुमारे २०० वॉट पेलावे लागतात, आणि तेही दुप्पट वेळ. घाट संपेपर्यंत त्याच्या ब्रेकमध्ये जमलेली उष्णता पहिल्याच्या चौपटीहून जास्त भरते. जवळपास लिटरभर पाणी उकळायला लावेल एवढी ती असते.

म्हणजे चांगल्या ब्रेकची गरज शर्यतवाल्यांना, हळू जाणाऱ्याला काहीही चालतं, ही समजूत घाटात उलटी पडते. ढग रस्त्यावर उतरलेले, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, कड्यावरून पाणी थेट डांबरावर पडतंय, वळणावर पर्यटकांच्या गाड्या आडव्या उभ्या. जुलैतल्या अशा माळशेजमध्ये शहाणा माणूस वीसच्या पुढे जात नाही. त्याच शहाण्या माणसाच्या ब्रेकची सगळ्यात कठीण परीक्षा होते.

गावाकडच्या जुन्या काळ्या सायकलीला सळ्यांचा ब्रेक असतो. हँडलखालचा दांडा ओढला की लोखंडी सळ्यांची जोडणी रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला खालून वर खेचते. सपाटीवर हा ब्रेक पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि बिघडलंच तर हातोडीने दुरुस्त होतं. पुढे वायरचे ब्रेक आले, मग रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारे व्ही-ब्रेक. तत्त्व तेच, गुटका रिमवर घासायचा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ओली रिम पकडताना पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. शिवाय रिम जमिनीपासून टायरच्या जाडीएवढीच वर. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल थेट तिच्यावर बसतो, गुटक्यात खडे रुततात आणि ॲल्युमिनियमची रिम कानशीने घासावी तशी झिजत जाते. लांब उतारावर रिम तापते ती वेगळीच. ट्यूबला लावलेला पंक्चरचा पॅच त्या उष्णतेने सुटू शकतो.

डिस्क ब्रेकमध्ये घासायची जागाच बदलली आहे. चाकाच्या मध्यावर, हबला जोडलेली पोलादी चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड, आणि ते धरणारा कॅलिपर. चकती चिखलापासून वर राहते, तिच्यावरचं पाणी लवकर उडतं, रिम आउट आली तरी ब्रेकला फरक पडत नाही. कल्पना जुनीच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने मोटारीसाठी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं. जग्वारने १९५३ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली तेव्हा मोटारवाल्यांचे डोळे उघडले. सायकलीपर्यंत ती यायला आणखी काही दशकं गेली. डोंगरी सायकलींनी ती आधी उचलली. रस्त्यावरच्या शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या यूसीआय या जागतिक संघटनेने मात्र बरीच चाचपणी करून २०१८ मध्ये कुठे तिला पक्की परवानगी दिली.

डिस्क ब्रेक दोन प्रकारचे. एकात लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत नेहमीची वायर असते. दुसऱ्यात वायरच्या जागी तेल भरलेली बारीक नळी. मुरबाडच्या बाजारात कुणी त्याला हायड्रॉलिक म्हणत बसत नाही, मोटरसायकलसारखाच तोही ‘ऑईल ब्रेक’. तत्त्व सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलचं आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. लिव्हरमधला दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरमधला २२ चा असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने कॅलिपरच्या प्रत्येक दट्ट्यावर जवळपास पाचपट जोर येतो. लिव्हरच्या लांबीने मिळणारा फायदा त्याच्या वर. वायर मात्र ताणली जाते, आवरणात घासते, गंजते आणि पावसाळ्यानंतर अडकू लागते. तेलाला यातलं काही होत नाही. एका बोटाने ब्रेक लागतो हे ऐकायला जाहिरातीसारखं वाटतं, पण अर्धा-पाऊण तास घाट उतरताना पंजे भरून येतात तेव्हा ते खरं म्हणजे काय, हे कळतं. पॅड झिजले की दट्टे आपोआप थोडे पुढे सरकून राहतात, वायर आवळत बसावी लागत नाही.

एवढं पटल्यावर माणूस मोबाइलवर सेट मागवायला बसतो, आणि इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते.

आधी सायकल बघायची. पुढच्या चिमट्याच्या डाव्या पायावर आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला फ्रेमवर कॅलिपर बसवायची जागा आहे का? कारखान्यातून वायरचे डिस्क ब्रेक लागून आलेल्या सायकलीला ती असतेच, आणि ऑईल ब्रेकवर जाण्याचा सगळ्यात सोपा रस्ता तोच. व्ही-ब्रेकच्या सायकलीला सहसा ती जागा नसते, हबवर चकती लावायची सोयही नसते. अशा वेळी ‘वेल्डिंगवाल्याकडून एक पट्टी मारून घेऊ’ हा सल्ला कुणीतरी देतंच. तो अजिबात ऐकू नये. रिम ब्रेकचा भार चिमट्याच्या वरच्या टोकाला, दोन्ही पायांवर सारखा येतो. डिस्कचा भार एकट्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला पिळतो. त्यासाठी न घडवलेला चिमटा घाटात वाकू शकतो, आणि तो वाकायची वेळ येते तेव्हा ब्रेक पूर्ण दाबलेलाच असतो.

जागा असली तरी तिचे प्रकार तीन. बोल्टची दोन भोकं आडवी, चाकाच्या बाजूने, ५१ मिलिमीटर अंतरावर असतील तर तो आयएस. कॅलिपरचे बोल्ट पुढून सरळ शिरत असतील आणि अंतर ७४ मिलिमीटर असेल तर पोस्ट माउंट. नव्या रोड सायकलींवर सपाट बसणारा फ्लॅट माउंट. पहिल्या दोहोंमध्ये अडॅप्टर लावून जुळवाजुळव होते. चकतीही दोन तऱ्हेने बसते, सहा बोल्टने किंवा सेंटरलॉक नावाच्या दातेरी जोडणीवर. साध्या सायकलींच्या हबवर बहुतेकदा सहा बोल्टच सापडतात. चकतीचा व्यास १६० मिलिमीटर पुरेसा असतो. वजनदार स्वाराने किंवा सामान लादून फिरणाऱ्याने पुढे १८० ची घ्यावी, पण चिमट्याची तेवढी परवानगी आहे का ते बघून.

आणखी एक अडचण दुकानदार सहसा सांगत नाहीत. स्वस्त गिअरच्या सायकलींवर ब्रेकची लिव्हर आणि गिअर बदलायचा खटका एकाच सांगाड्यात येतो. ब्रेक बदलायचा तर तो सगळा सांगाडाच काढावा लागतो, म्हणजे गिअरचे खटके वेगळे विकत घेणं आलं. वाकड्या हँडलच्या रोड सायकलीवर हाच प्रश्न आणखी महाग पडतो, कारण तिथे तेलाची लिव्हर आणि गिअर एकत्रच येतात.

आणि हाताची बाजू! भारतात मोटरसायकलचा, स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला. सायकलीचाही सहसा तिथेच. अमेरिका आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आणि तेल भरून तयार आलेला सेट तिकडच्या बाजारासाठी जोडलेला असू शकतो. त्यात उजव्या लिव्हरची नळी मागच्या चाकापर्यंत पोचेल एवढी लांब आणि डावीची आखूड निघते. मागवताना ‘उजवा पुढे’ हे तपासलं नाही तर घरी आल्यावर दोन्ही नळ्या सोडून उलटसुलट जोडायच्या, म्हणजे पहिल्याच दिवशी तेल सांडायचं. डाव्या हाताने पुढचा ब्रेक मारायची सवय करून घेऊ, असंही काही जण म्हणतात. सपाटीवर होतेही. दचकल्यावर मात्र हात जुनीच सवय वापरतात, आणि घरात स्कूटर असेल तर ती सवय रोज ताजी होत असते.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न तेलाचा आहे, आणि शहापूर-मुरबाडमध्ये तोच खरेदीचा निकाल लावतो.

सायकलीच्या ऑईल ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं वापरतात. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, ज्याला मिनरल ऑईल म्हणतात. स्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक, हेज, होप यांना लागतं डॉट. हे डॉट म्हणजे मोटरसायकल आणि मोटारीत घालतात तेच ब्रेक ऑईल. ते ग्लायकॉलच्या कुळातलं, तर मिनरल ऑईल पेट्रोलियमच्या. दोहोंसाठी ब्रेकमधले रबरी सील वेगवेगळ्या रबराचे असतात. चुकीचं तेल गेलं की सील फुगतात, दट्टे अडकतात, तेल पाझरू लागतं, आणि कॅलिपर-लिव्हरसकट सगळा ब्रेक टाकून द्यावा लागतो. धुऊन भागत नाही.

आता जागेवरची परिस्थिती बघा. तालुक्याच्या गावात मोटरसायकलचे गॅरेजवाले गल्लोगल्ली. त्यांच्या फळीवर डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली असतेच. ब्रेक सुधारायचं त्यांचं कसब चांगलं असतं, एअर कशी काढायची हे त्यांना सायकलवाल्याहून जास्त कळतं. पण शिमानोचा सायकल ब्रेक घेऊन कुणी गेलं तर सवयीने तीच बाटली उघडली जाण्याचा धोका मोठा. कारागिराचा यात दोष नाही. त्याच्या दुकानात येणारा प्रत्येक ऑईल ब्रेक डॉटचाच असतो.

मग डॉटचाच ब्रेक घेतलेला बरा का? तेल हाताशी मिळतं, हा मुद्दा वजनदार आहे. पण डॉट हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा प्रमाणित आकडा १५५ वर येतो. कोकणपट्टीला लागून असलेल्या या दमट हवेत उघडी बाटली सहा महिने फळीवर ठेवली तर तिच्यात काय उरलं असेल, ते सांगायला नको. रंगावर सांडलं तर डॉट रंग खातं. मिनरल ऑईल पाणी शोषत नाही, हाताला सौम्य, बाटली टिकते. त्याचा एकच वाकडेपणा म्हणजे आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही. ते नळीतून खाली उतरून कॅलिपरमध्ये बसतं, नेमक्या सगळ्यात गरम जागी.

घाटाखालच्या माणसाने मिनरल ऑईलचा साधा, खालच्या श्रेणीतला ब्रेक घ्यावा, शिमानो किंवा टेक्ट्रोचा. महागड्या श्रेणींत लिव्हर हलकी होते, समायोजनाचे स्क्रू वाढतात, पण घाट उतरायला ते लागत नाहीत. ब्रेकसोबतच शंभर मिलिलिटरची तेलाची बाटली, तेल भरायची नरसाळी-सिरिंज आणि पॅडचे दोन जादा जोड मागवावेत, कारण हे तिन्ही ऐन पावसात शहापूरला मिळणार नाहीत, कल्याण-ठाण्याला जावं लागेल. बाटलीवर आणि लिव्हरच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईने ‘मिनरल, डॉट नाही’ असं लिहून ठेवावं. एका ब्रेकमध्ये तेल मावतं काही चमचेच, पण कोणतं, हे लिव्हरवर कोरीव अक्षरांत इंग्रजीत असतं आणि घाईत कुणी वाचत नाही.

पॅडबद्दल एक बारकी गोष्ट. रेझिनचे पॅड मऊ, आवाज कमी, पण ओल्या चिखलात भरभर संपतात. धातूचे पॅड टिकाऊ, किंचित कर्कश, उष्णता जास्त सोसणारे. पावसाळ्यासाठी धातूचे घ्यावेसे वाटतात. मात्र शिमानोच्या स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते, कारण त्यांचं पोलाद मऊ असतं. त्यावर धातूचे पॅड चालवले तर चकतीच खाल्ली जाते. तेव्हा चकती आणि पॅड यांची जोडी एकदमच ठरवायची.

बसवण्याचं काम त्या मानाने सोपं आहे. ॲलन की, टी-२५ चा ताऱ्याच्या टोकाचा पाना, ८ चा पाना आणि स्वच्छ हात. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सायकलच्या दुकानात काहीही पुसायला रॉकेल किंवा पेट्रोलचं फडकं पुढे येतं, चेन मोकळी करायला स्प्रे मारला जातो. त्याचे दोन थेंब पॅडवर गेले की पॅड कायमचा गेला. तो किंचाळतो, पकडत नाही, उन्हात ठेवून सुधारत नाही. चकती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं. करोनाच्या साथीपासून ते औषधाच्या दुकानात सहज मिळू लागलं आहे.

चकतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवायची. सहाही बोल्ट आधी हाताने लावून मग एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. शिमानो त्यासाठी २ ते ४ न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगते, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. लांब दांडा लावून पिळला तर हबमधला आटा जातो. कॅलिपरचे दोन बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरचे. ते ढिले ठेवून चाक बसवायचं, लिव्हर घट्ट दाबून धरायची म्हणजे कॅलिपर स्वतःच चकतीच्या मध्यावर येतो, आणि दाबलेल्या स्थितीतच बोल्ट आळीपाळीने आवळायचे. मग चाक फिरवून कान द्यायचा. ‘सूं सूं’ ऐकू आलं तर कॅलिपरमागे पांढरा कागद धरून पॅड आणि चकतीमधली फट बघायची आणि ज्या बाजूला घासतंय तिकडून केसभर सरकवायचं. सलग न घासता दर फेऱ्याला एकदाच घासत असेल तर चकती किंचित वाकली आहे. ती हाताने सरळ होते, पण हात स्वच्छ हवेत आणि चकती थंड.

सेट तेल भरून आलेला असेल आणि नळी लांबीला जमत असेल, तर काम इथेच संपतं. नळी फारच लांब पडली तर ती कापावी लागते. धारदार पात्याने, अगदी काटकोनात. मग टोकात धातूची बारीक नळी ठोकायची, पितळी कडी सरकवायची आणि ८ च्या पान्याने नट आवळायचा. ती कडी आवळताना चेपून नळीला धरते, म्हणून एकदा वापरलेली पुन्हा वापरायची नाही. फ्रेमच्या आतून नळी जाणारी सायकल असेल तर कापाकापीला पर्यायच नाही.

नळी उघडली म्हणजे एअर धरली असं मानूनच चालावं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि दाबून दाबून लिव्हर हँडलला टेकते. एअर काढायची रीत मोटरसायकलवाल्यांना सांगावी लागत नाही. लिव्हरच्या टाकीवर नरसाळं लावायचं, खालच्या कॅलिपरच्या निप्पलला सिरिंज. चाक आणि पॅड आधी काढून ठेवायचे, पॅडच्या जागी कंपनी देते तो प्लॅस्टिकचा ठोकळा घालायचा. सिरिंजने तेल खालून वर ढकललं की बुडबुडे वर नरसाळ्यात येतात. शेवटी नळीवर टिचक्या मारत लिव्हर हळू हळू दाबायची, अडून बसलेले बारके बुडबुडे सुटतात. लिव्हर दगडासारखी लागली की झालं. सिरिंज आधी डॉटसाठी वापरलेली नसावी, इतकंच.

नवा ब्रेक लगेच घाटात नेऊ नये. नवीन पॅड आणि नवीन चकती एकमेकांना धरायला शिकलेले नसतात. पॅडच्या मालाचा पातळ थर चकतीवर बसावा लागतो. किन्हवली ते सरळगाव किंवा भातसा धरणाकडे जाणाऱ्या एखाद्या मोकळ्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगापर्यंत जायचं आणि चालण्याच्या वेगावर येईपर्यंत सलग ब्रेक दाबायचा, चाक लॉक न करता. असं प्रत्येक ब्रेकने वीसेक वेळा. दर खेपेला पकड वाढलेली हाताला जाणवते.

पुढचे महिने ब्रेकची काळजी घेण्यापेक्षा त्याला इतरांच्या सवयींपासून वाचवणं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे पंक्चर काढताना सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करतात. ऑईल ब्रेकच्या टाकीत राहिलेली थोडीशी हवा अशा वेळी नळीत शिरते. सायकल सरळ केल्यावर लिव्हर मऊ लागली तर दहा-वीस वेळा दाबून ती परत घट्ट होते का बघावं, आणि मगच निघावं. दुसरी सवय म्हणजे चाक बाहेर काढलेलं असताना शेजारी उभं असलेलं पोर सहज लिव्हर दाबतं. मध्ये चकती नसल्यामुळे दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही. दोन पॅडमध्ये चपटं प्लॅस्टिक घालून हळूच रुंदावले की सुटतात, स्क्रू ड्रायव्हरने नाही. टेम्पोत किंवा गाडीवर सायकल टाकून न्यायची असेल तर चकतीच्या जागी पुठ्ठ्याची जाड पट्टी खोवावी, ती पुरते.

पुढच्या चाकाला क्विक रिलीज असेल तर ती प्रत्येक वेळी घट्ट आहे ना ते बघावं. डिस्कचा ब्रेक जोरात लागला की चाकाचा आस खाचेतून बाहेर ढकलला जातो. रिम ब्रेकला ढिली क्विक रिलीज खपून जाते, डिस्कला नाही.

घाटात ब्रेक सतत हलका धरून उतरण्यापेक्षा सरळ पट्ट्यात सोडून वळणाआधी नीट दाबावा. वाऱ्याला त्याचा वाटा उचलू द्यावा आणि चकतीला थंड व्हायला मधले काही सेकंद मिळावेत. धुक्यात हे जमत नाही, तेव्हा मध्येच थांबावं. ताशी ४० वरून एकदा पूर्ण थांबताना ९० किलोची ऊर्जा एकाच चकतीने घेतली, तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपासची ती चकती एका झटक्यात नव्वदेक अंशांनी तापू शकते. थांबल्यावर तिला हात लावू नये, गरम चकतीवर बाटलीतलं पाणीही ओतू नये, ती वाकते.

पावसाळा संपला की, साधारण दसऱ्याच्या आसपास, पॅड काढून बघावेत. मालाची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आली असेल तर बदलावेत. शिमानोची नवी चकती १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ ला ती टाकायची. तेल काळं पडलं असेल तर बदलावं, डॉट असेल तर रंग न बघताच.

राहिला प्रश्न हे सगळं कुणी करावं याचा. ज्यांची सायकल रोज शाळा, बाजार, शेत आणि आसनगाव स्टेशन एवढंच करते, त्यांना ऑईल ब्रेक नको. तेवढ्याच पैशांत चांगले टायर, नव्या वायरी आणि दर्जेदार रबर येतात, आणि ते दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक नाक्यावर असतो. ज्यांच्या सायकलीला वायरचे डिस्क आधीच आहेत आणि जे पावसात एखाद-दुसऱ्या वेळीच घाट चढतात, त्यांनी आधी चांगल्या कंपनीचे पॅड आणि घट्ट आवरणाची वायर घालून बघावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पण ज्यांच्या फ्रेमवर जागा आहे आणि जे जून ते सप्टेंबर माळशेज किंवा कसारा नियमित उतरतात, त्यांनी या वर्षीच्या पावसाच्या आधी ऑईल ब्रेक बसवून घ्यावा. मे महिन्यात मागवावा, म्हणजे चुकीच्या बाजूची नळी आली तर परत पाठवायला वेळ राहतो.